तीन रात्री, सात गाणी : ‘मेड इन जपान’ समजून घेताना

ऑगस्ट १९७२ मध्ये डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडने जपानमध्ये लागोपाठ तीन दिवस तीन कार्यक्रम केले. १५ आणि १६ तारखेचे कार्यक्रम ओसाकात झाले आणि १७ तारखेचा टोकियोच्या निप्पॉन बुडोकान सभागृहात. या तीन रात्रींच्या ध्वनिमुद्रणातून ‘मेड इन जपान’ नावाचा दोन तबकड्यांचा अल्बम तयार झाला आणि तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच टेप पुढे १९९३ मध्ये तीन सीडींच्या संचात आल्या, १९९८ मध्ये रीमास्टर होऊन, म्हणजे आवाज उजळून आल्या, २०१४ मध्ये तिन्ही रात्रींच्या मोठ्या संचात आल्या आणि २०२५ मध्ये पुन्हा एकदा नव्याने मिक्स होऊन आल्या. आज जो कोणी हा अल्बम पहिल्यांदा ऐकायला घेतो त्याच्यासमोर एकाच नावाच्या इतक्या आवृत्त्या येतात की, यातली खरी कोणती, असा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी एक समजूत बाजूला ठेवावी लागते. लाइव्ह अल्बम म्हणजे कार्यक्रमाच्या वेळी यंत्र सुरू केले, कार्यक्रम संपल्यावर बंद केले आणि जे मिळाले ते तबकडीवर उतरवले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात लाइव्ह अल्बम हा निवडीतून घडतो. कोणत्या रात्रीचे कोणते गाणे घ्यायचे, कोणत्या वाद्याचा आवाज किती ठेवायचा, टाळ्या किती वेळ ऐकू द्यायच्या, काय वगळायचे, हे सारे कोणीतरी बसून ठरवलेले असते. ‘मेड इन जपान’चे मोठेपण त्या तीन रात्रींच्या वादनात तर आहेच, पण ते या निवडीतही आहे, आणि ती निवड कशी झाली हे कळले की ऐकण्याचा आनंद वाढतो, असा माझा अनुभव आहे.

जपानपर्यंतचा रस्ता

डीप पर्पलची स्थापना १९६८ ची. पहिले तीन अल्बम झाल्यावर, १९६९ मध्ये गायक आणि बेस गिटारवादक बदलले आणि जो पाच जणांचा संच उभा राहिला तो चाहत्यांच्या भाषेत ‘मार्क टू’ म्हणून ओळखला जातो. गायक इयान गिलन, गिटारवादक रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड, बेस गिटारवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवर इयान पेस असे हे पाच जण होते. या संचाची पहिली मोठी नोंद झाली तीही एका थेट कार्यक्रमामुळेच. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत जॉन लॉर्डने रचलेला ‘कन्सर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ सादर केला आणि त्याचे संचालन माल्कम आर्नल्ड यांनी केले. या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाकडे शेवटी पुन्हा यायचे आहे.

त्यानंतर आलेल्या ‘इन रॉक’ (१९७०), ‘फायरबॉल’ (१९७१) आणि ‘मशीन हेड’ (१९७२) या अल्बमांनी बँडला जगभर नेले. ‘मशीन हेड’ची कथा रॉकप्रेमींना पाठ आहे, तरी थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९७१ मध्ये हे पाच जण स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू गावी गेले होते. तिथल्या कॅसिनोच्या इमारतीत ध्वनिमुद्रण करायचे ठरले होते, पण त्याआधी तिथे फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराचा कार्यक्रम होता, त्या कार्यक्रमात एका प्रेक्षकाने फ्लेअर गन, म्हणजे जळता गोळा सोडणारे पिस्तूल उडवले आणि सगळी इमारत जळून गेली. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला तो धूर ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्यात कायमचा राहिला. शेवटी हिवाळ्यासाठी रिकाम्या असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळांमध्ये गाद्या लावून, बाहेर रोलिंग स्टोन्स बँडचा ध्वनिमुद्रणाचा फिरता ट्रक उभा करून हा अल्बम पुरा झाला. इथे आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की, ध्वनिमुद्रण करणारे मार्टिन बर्च यांनी स्टुडिओ नसलेल्या जागी या बँडचा आवाज टेपवर पकडून दाखवला होता. आठ महिन्यांनी जपानमध्ये तेच यंत्रापाशी बसणार होते.

जपानचा दौरा आधी मे महिन्यात ठरला होता आणि तो पुढे ढकलून ऑगस्टमध्ये घ्यावा लागला. जपानमधल्या ध्वनिमुद्रिका कंपनीला तिथल्या बाजारासाठी एक लाइव्ह अल्बम हवा होता. बँडचा त्याला फारसा उत्साह नव्हता, कारण ‘रंगमंचावर जे घडते ते रंगमंचावरच राहावे’ अशीच त्यांची भावना होती. दुसरीकडे, त्यांच्या परवानगीशिवाय कोणीतरी गुपचूप मुद्रित केलेल्या तबकड्या, ज्यांना बूटलेग म्हणतात, बाजारात खपत होत्या. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या १९७० च्या कार्यक्रमाची ‘एच बॉम्ब’ ही बूटलेग त्यांतली विशेष गाजलेली. चोरून केलेल्या वाईट ध्वनिमुद्रणापेक्षा आपण स्वतः केलेले चांगले, हा विचार त्यामुळे बळावला. बँडने अटी घातल्या : ध्वनिमुद्रण आमचा माणूस करील आणि आम्हाला पसंत पडले तरच ते बाहेर येईल. तो माणूस म्हणजे मार्टिन बर्च. संपूर्ण खटाटोपाचा खर्च सुमारे ३,००० डॉलर झाला असे बँडमधल्यांनी पुढे सांगितले आहे आणि इतक्या नावाजलेल्या अल्बमसाठी ही रक्कम फारच लहान आहे.

आठ पट्ट्यांवर पाच माणसे

आता थोडे तंत्र समजून घेऊ, कारण पुढच्या साऱ्या आवृत्त्यांचे रहस्य इथेच आहे.

जपानमध्ये वापरलेले यंत्र आठ ट्रॅकचे होते. टेपची एक रुंद फीत आहे आणि तिच्या लांबीभर एकमेकींना समांतर अशा आठ अदृश्य पट्ट्या आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येक पट्टीवर वेगळा आवाज नोंदवता येतो. एकीवर गायकाचा आवाज, दुसरीवर गिटार, तिसरीवर ऑर्गन, याप्रमाणे. आठ हा आकडा ऐकायला पुरेसा वाटतो, पण एकट्या ड्रमच्या संचातच मोठा ढोल, स्नेअर, बाजूचे लहान ढोल आणि झांजा असतात, शिवाय प्रेक्षकांचा आवाजही घ्यावा लागतो. त्यामुळे काही गोष्टी जागेवरच एकत्र करून एका पट्टीवर टाकाव्या लागतात आणि एकदा एकत्र केलेले आवाज मागाहून सुटे करता येत नाहीत. ध्वनिमुद्रकाला कार्यक्रम चालू असतानाच काही निर्णय कायमचे घ्यावे लागतात ते यासाठी.

दुसरी अडचण झिरपण्याची. गिटारसमोरच्या मायक्रोफोनमध्ये फक्त गिटार जात नाही, शेजारच्या ड्रमचा आवाजही थोडा झिरपतो, आणि गायकाच्या मायक्रोफोनमध्ये तर सगळा रंगमंचच शिरतो. हा बँड तर प्रचंड मोठ्या आवाजात वाजवणारा होता, इतका की गिनेस बुकने त्याच दशकात जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून त्यांची नोंद केली. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन एरवी गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवत असे, म्हणून त्याचा ऑर्गन देवळातल्या किंवा चर्चमधल्या वाद्यासारखा शांत न लागता खरखरीत, गुरगुरणारा लागतो. रंगमंचावर दोन्ही टोकांना असे दोन राक्षस आणि मधोमध पेसचे ड्रम, या सगळ्यांतून प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि स्वच्छ मिळवणे हे बर्च यांचे खरे कौशल्य. अल्बम हेडफोन लावून ऐकला तर एका कानाशी ऑर्गन आणि दुसऱ्या कानाशी गिटार स्पष्ट उभी दिसते आणि आपण सभागृहात मधल्या खुर्चीवर बसलो आहोत असे वाटते.

कार्यक्रमानंतर या आठ पट्ट्यांचे दोन पट्ट्यांत, म्हणजे डाव्या-उजव्या स्टिरिओत रूपांतर करावे लागते. याला मिक्सिंग म्हणतात. या कामाला पाचांपैकी फक्त ग्लोव्हर आणि पेस हजर राहिले. गिलन आणि ब्लॅकमोर फिरकलेही नाहीत. मला हे फार बोलके वाटते. आपण जे वाजवले ते संपले, अशी ज्यांची वृत्ती होती त्यांनी ते वाजवून सोडून दिले, आणि बेस व ड्रम सांभाळणाऱ्या, म्हणजे बँडचा पाया धरून ठेवणाऱ्या दोघांनी ते जपून ठेवण्याचे काम केले.

आणखी एक संज्ञा इथे सांगायला हवी, ती ओव्हरडबची. कार्यक्रमात सूर चुकला किंवा तार तुटली, तर स्टुडिओत जाऊन तेवढा भाग पुन्हा वाजवायचा आणि मूळ टेपवर चढवायचा, याला ओव्हरडब म्हणतात. लाइव्ह म्हणून विकल्या गेलेल्या अनेक अल्बमांत ही डागडुजी आढळते. ‘मेड इन जपान’मध्ये अशी दुरुस्ती केलेली नाही, असे बँडमधले लोक सातत्याने सांगत आले आहेत, आणि नंतर तिन्ही रात्री मूळ स्वरूपात बाहेर आल्यावर कोणालाही ते ताडून पाहता आले.

निवड

तिन्ही रात्री गाण्यांचा क्रम जवळपास तोच होता, त्यामुळे प्रत्येक गाण्याची तीन-तीन रूपे हाताशी होती. अल्बमवर आलेल्या सातांपैकी चार गाणी १६ ऑगस्टची, म्हणजे ओसाकातल्या दुसऱ्या रात्रीची आहेत : ‘हायवे स्टार’, ‘चाइल्ड इन टाइम’, ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’ आणि ‘स्पेस ट्रकिन’. पहिल्या रात्रीतून फक्त ‘स्मोक ऑन द वॉटर’ घेतले गेले, आणि टोकियोतून ‘द म्यूल’ व ‘लेझी’. म्हणजे आपण अल्बम सलग ऐकतो तेव्हा दोन शहरांत आणि तीन रात्रींत ये-जा करत असतो, पण टाळ्यांच्या पुलांमुळे ते जाणवत नाही. ‘लाइव्ह’ या शब्दाचा अर्थ असा थोडा सैल धरावा लागतो : प्रत्येक गाणे खरोखर एकाच दमात घडलेले आहे, मात्र ती सातही गाणी मिळून जी संध्याकाळ उभी राहते ती संध्याकाळ प्रत्यक्षात कधी झालीच नव्हती.

सातांची संख्याही तंत्रानेच ठरवली आहे. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपर्यंतचे संगीत चांगले बसते. त्याहून जास्त कोंबले तर खाचा अरुंद आणि उथळ कराव्या लागतात, आणि आवाज मंद व पातळ होतो. डीप पर्पलची गाणी रंगमंचावर भरमसाट वाढत असत, म्हणून चार बाजूंवर सातच मावली. पहिल्या तिन्ही बाजूंवर प्रत्येकी दोन आणि चौथ्या बाजूवर वीस मिनिटांचे एकटे ‘स्पेस ट्रकिन’. कार्यक्रमाच्या अखेरीस आग्रहाने वाजवली जाणारी ‘ब्लॅक नाइट’सारखी गाणी जागेअभावी बाहेर राहिली आणि ती ऐकायला लोकांना पुढच्या आवृत्त्यांची वाट पाहावी लागली. कॅसेटवर हा अल्बम ऐकलेल्या माझ्या पिढीला तर त्या चार बाजूंची रचनाही नीट कळली नव्हती. तबकडीची चौथी बाजू लावण्यासाठी उठावे लागणे आणि मग तिच्यावर एकच अखंड रचना असणे, यातला दबदबा तबकडी हाती आल्यावर उमगला.

गाणी वाढत असत म्हणजे काय होत असे? ‘स्पेस ट्रकिन’ ‘मशीन हेड’वर साडेचार मिनिटांचे आहे. जपानमध्ये ते गाणे म्हणून तेवढ्याच वेळात आटोपते आणि मग त्याच्या पोटातून दुसरेच काहीतरी सुरू होते. लॉर्ड ऑर्गनवर भटकू लागतो, मध्येच गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ग्रहमालेवरील रचनेतल्या ‘ज्युपिटर’ची धून डोकावते. पुढे ब्लॅकमोर गिटारचा आवाज बटणाने हळूहळू उघडत-मिटत असे स्वर काढतो की ते व्हायोलिनच्या कुळातल्या वाद्याचे वाटावेत, आणि ही युक्ती ‘फायरबॉल’मधल्या ‘फूल्स’ या गाण्यातून आलेली आहे. या लांबलचक वादनाचा सांगाडा तर त्याहून जुना, ‘मँड्रेक रूट’ या बँडच्या पहिल्या अल्बममधल्या गाण्याच्या थेट सादरीकरणातून उचललेला. म्हणजे १९६८ पासून रंगमंचावर जे जे साठत गेले ते सगळे या एका बाजूवर आहे. स्टुडिओतल्या अल्बमांतून बँडचा हा इतिहास कळत नाही.

‘चाइल्ड इन टाइम’बद्दल थोडे अधिक सांगायला हवे. हे गाणे ‘इन रॉक’मध्येही दहा मिनिटांचेच होते, जपानमध्ये ते बारा मिनिटांचे झाले. अगदी हळू ऑर्गनने ते सुरू होते, गिलन ओठांतल्या ओठांत गातो आणि मग शब्द सोडून नुसत्या स्वरावर एकेक पायरी चढत शेवटी किंकाळीपर्यंत पोहोचतो. आपल्याकडे आलाप ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ही शब्दांविना वर जाण्याची रीत लगेच जवळची वाटते, जरी तिचे व्याकरण अगदी वेगळे आहे. या गाण्याच्या मुळाशी एक मुंबईचे नावही आहे. ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडची ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची एक वाद्यरचना १९६९ मध्ये आली होती. लॉर्ड ती ऑर्गनवर वाजवत बसला असता, तिची चाल बदलत जाऊन ‘चाइल्ड इन टाइम’ जन्मले, आणि ही उसनवारी गिलनने पुढे मोकळेपणाने मान्य केली आहे.

‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’मध्ये गिटार आणि गळा यांचा सवाल-जबाब आहे. ब्लॅकमोर एक लकेर टाकतो, गिलन ती हुबेहूब गळ्यातून काढतो. ब्लॅकमोर ती अवघड करतो, गिलन पुन्हा तिच्यामागे जातो. दोघांचे आपसात फारसे पटत नव्हते, हे आता जगजाहीर आहे, आणि ते माहीत असल्यावर या झटापटीला वेगळीच धार येते. तिथे दोघेही एकमेकांना इतक्या लक्षपूर्वक ऐकताना कळतात की मला तो भाग संपूर्ण अल्बममधला सर्वांत सुंदर वाटतो.

‘हायवे स्टार’चा जन्म तर कार्यक्रमाला जाणाऱ्या बसमध्ये झाला. गाणी कशी रचता, असे एका पत्रकाराने विचारल्यावर ब्लॅकमोरने तिथेच गिटार छेडायला सुरुवात केली, गिलनने शब्द जोडले, आणि त्याच रात्री ते रंगमंचावर वाजवलेही. स्टुडिओत ते नंतर गेले. ‘लेझी’ आणि ड्रमसाठी राखलेले ‘द म्यूल’ यांच्याबद्दल एवढेच सांगतो की पेस डावखुरा आहे आणि त्याच्या हाताचा हलकेपणा जॅझ ऐकून आलेला आहे; मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये इतका हलका हात क्वचित सापडतो.

दोन गाण्यांच्या मधले बोलणेही या निवडीत जपले गेले. वादकांना आपलेच वाजवणे ऐकू यावे म्हणून रंगमंचावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर असतात, त्यांना मॉनिटर म्हणतात. त्यांचा आवाज वाढवण्याची विनंती करताना, सगळ्याचाच आवाज बाकी सगळ्यापेक्षा मोठा करता येईल का, असे गिलन म्हणतो. हे वाक्य रॉकच्या जगात म्हणीसारखे झाले आणि मोटरहेड या दुसऱ्या ब्रिटिश बँडने १९९९ मधल्या आपल्या लाइव्ह अल्बमला त्यावरूनच नाव दिले.

अल्बम बाहेर आल्यावर

जपानमध्ये हा अल्बम ‘लाइव्ह इन जपान’ या नावाने आणि वेगळ्या मुखपृष्ठाने आला. बाकी जगात विकल्या गेलेल्या ‘मेड इन जपान’च्या मुखपृष्ठावरचे छायाचित्र मात्र जपानचे नाही, लंडनमधल्या कार्यक्रमाचे आहे. ब्रिटनमध्ये त्याने १६ वे स्थान गाठले. अमेरिकेत तो एप्रिल १९७३ मध्ये आला आणि सहाव्या स्थानापर्यंत गेला. त्याच उन्हाळ्यात ‘स्मोक ऑन द वॉटर’ तिथे एकल तबकडी म्हणून निघाले, एका बाजूला स्टुडिओतले आणि दुसऱ्या बाजूला जपानमधले, आणि ते चौथ्या स्थानावर पोहोचले. एका वर्षापूर्वीच्या अल्बममध्ये पडून असलेले हे गाणे जगाच्या ओठांवर आणण्यात जपानच्या ध्वनिमुद्रणाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

दुर्दैवाने हा संच तोवर फुटत आला होता. गिलनने डिसेंबर १९७२ मध्येच बँड सोडण्याचे पत्र दिले होते आणि २९ जून १९७३ रोजी त्याचा व ग्लोव्हरचा अखेरचा कार्यक्रम झाला. तो झाला ओसाकातच. हे पाच जण पुन्हा एकत्र आले ते १९८४ मध्ये.

त्यानंतरचे बँडचे थेट अल्बम पुष्कळ आहेत. १९७५ च्या युरोप दौऱ्यातला ‘मेड इन युरोप’ जोरकस आहे. पण ‘मेड इन जपान’ची किंमत नीट कळण्यासाठी ऐकावा तो १५ डिसेंबर १९७५ चा बुडोकानचा कार्यक्रम. तेच सभागृह, पण आता गिटारवर टॉमी बोलिन हा तरुण अमेरिकन होता, आणि त्या रात्री त्याचा डावा हात नीट चालत नव्हता. गिटारचे कितीतरी तुकडे लॉर्डने ऑर्गनवर भरून काढले. १९७७ मध्ये ‘लास्ट कन्सर्ट इन जपान’ नावाने हा कार्यक्रम काटछाट करून आला, तेव्हा त्याची फार निंदा झाली. २००१ मध्ये तोच कार्यक्रम पूर्ण स्वरूपात निघाला आणि त्या रात्रीचे चित्र पुष्कळ सुधारले. बोलिन तोवर जगात नव्हता, तो १९७६ मध्येच गेला. निवड चुकली तर कलावंताच्या नावाला वर्षानुवर्षे डाग लागतो, आणि तो पुसायला टेप जपून ठेवलेली असावी लागते.

टेप जपण्याचे आणखी मोठे फळ त्या कन्सर्टोच्या बाबतीत मिळाले. १९६९ नंतर त्याची स्वरलिपी हरवली. सबंध ऑर्केस्ट्राची लिहिलेली पाने गेली म्हणजे रचनाच गेली, असे लॉर्डने धरले होते. मार्को द गूय या डच संगीतकाराने मग अल्बर्ट हॉलच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत पुन:पुन्हा ऐकून-पाहून ती कानाने लिहून काढली, लॉर्डने तिला अखेरचा हात दिला, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच सभागृहात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत ती पुन्हा वाजली. थेट कार्यक्रमाच्या टेपने एक हरवलेली रचना परत दिली, असे उदाहरण संगीतात सहसा सापडत नाही. लॉर्ड जुलै २०१२ मध्ये निवर्तला.

आपल्याकडचा धागा सांगायचा तर, ब्लॅकमोर सोडून गेल्यावर स्टीव्ह मॉर्स हा गिटारवादक नव्याने आलेला असताना १९९५ मध्ये बँड मुंबईत वाजवून गेला. त्या कार्यक्रमाचे चित्रण पुढे अधिकृतपणे प्रसिद्ध झाले आणि त्याला नाव दिले गेले ‘बॉम्बे कॉलिंग’. ‘चाइल्ड इन टाइम’चा उगम ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नावातले सौजन्य लगेच कळते.

मग खरी आवृत्ती कोणती

रीमास्टर आणि रीमिक्स हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत मोठा फरक आहे. भाजी शिजून ताटात आली आहे आणि आपण फक्त मीठ-तिखट सारखे करतो, ते रीमास्टर. डाव्या-उजव्या दोन पट्ट्यांत एकदा बसवलेले मिश्रण तसेच ठेवून त्याचा आवाज उजळ करणे, खरखर कमी करणे, पातळी वाढवणे एवढेच त्यात करता येते. रीमिक्समध्ये चिरलेल्या भाज्यांपासून पुन्हा सुरुवात होते. मूळ आठ पट्ट्या बाहेर काढून ऑर्गन किती, गिटार कुठे, टाळ्या किती, हे सारे नव्याने ठरवले जाते. १९९८ ची आवृत्ती पहिल्या प्रकारची. २०२५ मध्ये स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने केलेले काम दुसऱ्या प्रकारचे, आणि त्यात बेस व ड्रम आधीपेक्षा भरदार व सुटे ऐकू येतात. ‘मशीन हेड’चे असेच नवे मिश्रण २०२४ मध्ये झाले आणि ते केले ड्वीझिल झॅपाने, म्हणजे ज्याच्या कार्यक्रमात कॅसिनो जळाला त्या फ्रँक झॅपाच्या मुलाने.

१९९३ आणि २०१४ च्या संचांचा हेतू वेगळा आहे. ते निवडच मागे घेतात आणि आपल्याला रात्री जवळपास जशाच्या तशा देतात. तिथे पहिल्या रात्रीचा बिचकलेपणा आहे, टोकियोच्या मोठ्या सभागृहाचा घुमणारा आवाज आहे, वादकांच्या लहानसहान चुका आहेत, आणि हे सगळे ऐकल्यावर ग्लोव्हर, पेस व बर्च यांनी १९७२ मध्ये जे निवडले ते बहुतेक ठिकाणी अचूक होते, असे माझे मत झाले आहे.

त्यामुळे नव्या श्रोत्याने आधी १९७२ ची मूळ सात गाणी, त्याच क्रमाने, शक्यतो एका बैठकीत ऐकावीत. नवे मिश्रण त्यानंतर. तिन्ही रात्रींचा संच हाती आला तर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकण्याऐवजी एकच गाणे निवडून तिन्ही रूपांत लागोपाठ ऐकावे. मी ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’ निवडतो. गिटारची तीच लकेर तीन रात्री गिलन तीन वेगळ्या वाटांनी गाठतो, आणि ते ऐकायला सगळा मिळून अर्धा तास लागतो.